प्रायमरीतला चिखल कुणाच्या अंगाला लागतो?

पुण्यात राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आहे: "अमेरिकेतल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उमेदवारही एकाच पक्षाचे आणि मतदारही त्याच पक्षाचे. मग टीव्हीवरच्या चर्चा आणि बदनामीच्या जाहिराती यांनी खरंच कुणाचं मत फिरतं का? की ज्याच्याकडे पैसा जास्त तोच जिंकतो?"

आधी माझी ओळख, म्हणजे माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुला ठरवता येईल. मी मूळची साताऱ्याची. गेली २२ वर्षं इथे मिडवेस्टमध्ये निवडणुकीच्या जाहिरातींचं काम करते. जाहिरात बनवणारे वेगळे असतात. माझं काम ती प्रक्षेपणाआधी दहा-बारा मतदारांना खोलीत बसवून दाखवायची, त्यांना बोलतं करायचं आणि नंतर कुठल्या चॅनेलवर, किती वाजता, किती वेळा लावायची ते ठरवायचं. बहुतेक कामं राज्य पातळीवरची, छोटीमोठी. अध्यक्षपदाच्या मोहिमा मी बाहेरून पाहिल्यात, पण अगदी जवळून.

तुझ्या प्रश्नात एक गोष्ट तू सहज बोलून गेलास, आणि सगळं रहस्य तिथेच आहे: "एकाच पक्षाचे". नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदाराच्या हातात पक्षाचं नाव असतं. उमेदवाराबद्दल काहीही वाईट ऐकलं तरी तो म्हणतो, असू दे, आपलाच आहे. तिथे जाहिरात म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये ४९ प्रत्यक्ष प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला. मुख्य निवडणुकीत प्रचाराने मत बदलण्याचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की प्रायमरीत, जिथे पक्षाचं नाव मदतीला येत नाही, तिथे प्रचार लागू पडतो. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे पोटातून ठाऊक होतं, त्यांनी आकड्यांत मांडलं.

आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं ते श्रेष्ठी ठरवतात. इथे ते मतदार ठरवतात, आणि बिचाऱ्याला त्यातले दोन-तीन उमेदवार सारखेच आवडत असतात. त्याचा राग कुणावरच नसतो. त्याला फक्त एखाद्याचं नाव यादीतून गाळायला कारण हवं असतं. बदनामीची जाहिरात ते कारण पुरवते. तेवढंच. ती तुमच्याकडे मत ओढून आणत नाही, समोरच्याच्या यादीतलं मत सुटं करते. सुटं झालेलं मत कुठे जाऊन पडेल, ते तुमच्या हातात नसतं.

आणि इथेच टीव्हीवरचे ते पंच, म्हणजे चर्चा करणारे समालोचक, येतात.

माझ्या खोलीत बसलेल्या मतदारांचा एक नेहमीचा प्रकार सांगते. एक बाई मला ठामपणे म्हणाल्या, "मी असल्या जाहिराती बघतच नाही, लागली की आवाज बंद करते." पंधरा मिनिटांनी एका उमेदवाराबद्दल विचारलं, तर त्यांनी आमच्याच जाहिरातीतला शब्द जसाच्या तसा वापरला. कुठे ऐकलंत, असं विचारल्यावर म्हणाल्या, "बातम्यांत." त्या खोटं बोलत नव्हत्या. तो शब्द आधी एका चर्चेत कुणीतरी वापरला होता, आम्ही तो उचलून जाहिरातीत घातला, मग जाहिरातीवर चर्चा झाली आणि तो पुन्हा बातमीत आला. त्यांच्या डोक्यात तो बातमी म्हणून साठला. जाहिरातीवर लोक विश्वास ठेवत नाहीत, बातमीवर थोडा तरी ठेवतात. आमच्यासारख्यांचा निम्मा पगार या एका वाक्यावर चालतो.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत चोख उदाहरण म्हणजे अध्यक्षपदासाठीची २०१२ ची रिपब्लिकन प्रायमरी. त्यात प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती न्यूट गिंग्रिच दोन-अडीच महिन्यांत दोनदा वर गेले आणि दोनदा खाली आले. ती गोष्ट नीट समजली की बाकीचं आपोआप समजतं.

डिसेंबर २०११ च्या सुरुवातीला गॅलपच्या देशव्यापी पोलमध्ये गिंग्रिच ३७ टक्के आणि त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी २२ टक्के होते. गिंग्रिच वर आले ते डिबेटच्या जोरावर, पैसा त्यांच्याकडे जवळजवळ नव्हता. पहिला मुकाबला आयोवातला कॉकस (पक्षाच्या मतदारांनी सभांत जमून केलेली निवड), ३ जानेवारीला. त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत आयोवातला टीव्ही लावला की गिंग्रिचच्या नावाने शंख. तिथे लागलेल्या राजकीय जाहिरातींपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या त्यांच्या विरोधात होत्या. रॉम्नींना पाठिंबा देणारा 'रिस्टोअर अवर फ्यूचर' नावाचा सुपर पॅक (उमेदवारापासून वेगळा राहून हवा तेवढा पैसा जमवणारा आणि खर्च करणारा गट) त्यात पुढे होता, आणखी एक उमेदवार रॉन पॉल यांची मोहीमही होती. मजकूर काय? फ्रेडी मॅक या गृहकर्जाच्या कंपनीकडून घेतलेलं सल्लागारीचं मानधन, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या नॅन्सी पलोसींसोबत सोफ्यावर बसून हवामानबदलावर केलेली जाहिरात, सभापती असताना झालेला दंड. यातलं काहीही नवं नव्हतं. समालोचक महिनाभर एकच शब्द बोलत होते: 'बॅगेज', म्हणजे मागे लागलेलं जुन्या भानगडींचं गाठोडं. सुपर पॅकने तो शब्द उचलला आणि विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर सुटकेसी फिरतायत अशी जाहिरातच काढली. त्याच डिसेंबरात 'नॅशनल रिव्ह्यू' या उजव्या विचारांच्या मान्यवर नियतकालिकाने संपादकीय लिहून गिंग्रिच नकोत असं सांगितलं. म्हणजे जाहिरात जे ओरडत होती तेच पक्षातला शहाणा माणूस हळू आवाजात सांगत होता. मतदाराला वाटलं, धूर दिसतोय म्हणजे आग असणारच.

आयोवात गिंग्रिच १३ टक्क्यांवर चौथे आले.

आता पुढचं बघ. त्यांच्याकडून सुटलेली मतं रॉम्नींना मिळाली का? फारशी नाही. त्या रात्री रॉम्नी ८ मतांनी जिंकले असं जाहीर झालं, नंतरच्या तपासणीत आणखी एक उमेदवार रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. सँटोरम यांच्याकडे पैसा नव्हता, त्यांच्यावर कुणी फारशी जाहिरातही केली नव्हती, कारण त्यांना कुणी गिनतीतच धरलं नव्हतं. चिखल न लागलेला माणूस म्हणून ते उरले. पण पहिल्या रात्रीच्या मथळ्यांत जिंकलेला रॉम्नी होता. दोन आठवड्यांनी दुरुस्ती आली तेव्हा गाडी पुढच्या स्टेशनात गेली होती. ३४ मतांच्या त्या विजयाचा सँटोरमना जो फायदा त्या रात्री झाला असता तो परत मिळाला नाही.

पुढे साउथ कॅरोलायना, २१ जानेवारी. गिंग्रिचच्या बाजूलाही आता सुपर पॅक उभा राहिला होता, कॅसिनोसम्राट शेल्डन ॲडेलसन यांनी त्यात ५० लाख डॉलर घातले. त्या पैशातून रॉम्नींच्या जुन्या 'बेन कॅपिटल' कंपनीवर हल्ला झाला: यांनी कारखाने विकत घेतले, माणसं काढली, पैसे कमावले. जाहिरात म्हणून ती जबरदस्त होती, मी ती धंद्याच्या नजरेने पाहिलीये. पण रेडिओवरच्या रश लिंबॉसकट उजवे समालोचक गिंग्रिचवरच तुटून पडले: रिपब्लिकन असून भांडवलशाहीवर टीका करतोस? हीच ती पंचांची ताकद. पक्षांतर्गत भांडणात कुठला आरोप घरात चालतो आणि कुठला चालत नाही, हे ते ठरवतात. 'हा पुरेसा आपल्या विचारांचा नाही' असा आरोप चालतो. 'हा आपल्या विचारांचा आहे आणि तेच वाईट आहे' हा चालत नाही. बेनचा आरोप तेव्हा घरात चालला नाही. काही महिन्यांनी ओबामांच्या लोकांनी तोच उचलून मुख्य निवडणुकीत वापरला आणि तिथे तो चांगलाच चालला.

तरी गिंग्रिच साउथ कॅरोलायना जिंकले, ४० विरुद्ध २८. कशाने? १९ जानेवारीला नॉर्थ चार्ल्सटनमध्ये सीएनएनचा डिबेट होता. त्याच दिवशी त्यांच्या दुसऱ्या, घटस्फोटित पत्नीची त्यांच्यावर आरोप करणारी एबीसीवरची मुलाखत गाजत होती. सूत्रधार जॉन किंग यांनी पहिलाच प्रश्न त्यावर टाकला. गिंग्रिचनी उत्तर द्यायच्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्यालाच फैलावर घेतलं, माध्यमांचा उद्धार केला, आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. एक्झिट पोलमध्ये निम्म्याहून अधिक मतदारांनी सांगितलं की आपण शेवटच्या काही दिवसांतच ठरवलं. नकारात्मक प्रचार इथेही होता. फक्त लक्ष्य बदललं होतं: विरोधकाच्या जागी माध्यमं. माध्यमांचं समालोचन मतदाराला ढकलतं हे खरं, पण ढकलतोय हे त्याच्या लक्षात आलं की तो उलट्या दिशेने जोर लावतो. घरातल्या माणसाला बाहेरच्याने बोललेलं कुणाला आवडतं?

दहा दिवसांनी फ्लोरिडा. तिथे रॉम्नींच्या बाजूचा खर्च गिंग्रिचच्या कितीतरी पट होता, आणि शेवटच्या आठवड्यात लागलेल्या जाहिरातींपैकी ९२ टक्के नकारात्मक होत्या असा जाहिराती मोजणाऱ्या कंपनीचा हिशोब आहे. माझ्या कारकिर्दीत मी इतकं काळं आकाश क्वचित पाहिलं. त्यातली एक जाहिरात मी नवीन मुलांना शिकवताना आवर्जून दाखवते. तिच्यात रॉम्नींच्या लोकांनी स्वतःचं काही लिहिलंच नाही. २१ जानेवारी १९९७ चं एनबीसीचं बातमीपत्र, टॉम ब्रोकॉ बातमी वाचतायत: सभागृहाने सभापती गिंग्रिचना ३९५ विरुद्ध २८ मतांनी ठपका दिला, ३ लाख डॉलर भरायला लावले. बस्, तेवढंच. एनबीसीने जाहिरात मागे घ्या म्हणून कळवलं, ब्रोकॉंनी नाराजी जाहीर केली, आणि त्या नाराजीची पुन्हा बातमी झाली. 'ध'चा 'मा' न करता, एक अक्षरही न बदलता केलेली बदनामी. जाहिरात आणि बातमी यांच्यातली भिंतच त्यांनी काढून टाकली. माझ्या खोलीतल्या बाईंच्या डोक्यात जे नकळत घडलं होतं ते इथे मुद्दाम घडवून आणलं. त्याच आठवड्यात ड्रज रिपोर्ट या उजव्यांच्या आवडत्या संकेतस्थळावर गिंग्रिचविरोधी मथळे एकामागून एक येत होते. निकाल: रॉम्नी ४६, गिंग्रिच ३२.

तू राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहेस म्हणून एक सावधगिरी. फ्लोरिडात २००८ ला रिपब्लिकन प्रायमरीत १९.५ लाख मतं पडली होती, २०१२ ला १६.७ लाख. लगेच लोक लिहून मोकळे झाले की घाणेरड्या प्रचाराने मतदार घरी बसला. पण २००८ ला त्याच दिवशी मालमत्ता कराच्या दुरुस्तीवर मतदान होतं, त्यासाठी माणसं बाहेर पडली होती. नकारात्मक प्रचाराने मतदान घटतं का यावर १९९० च्या दशकापासून वाद आहे. सुरुवातीला घटतं असं ठासून सांगितलं गेलं, नंतर रिचर्ड लाऊ आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास एकत्र मांडले तेव्हा तसा भक्कम पुरावा सापडला नाही. नकारात्मक जाहिरात सकारात्मकपेक्षा जास्त मतं मिळवून देते यालाही नाही. ती लक्षात मात्र जास्त राहते. माझा अनुभव या निष्कर्षाच्या जवळ आहे, आणि हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगतेय.

आता 'दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ' या म्हणीकडे वळू. २००४ ची आयोवा. डेमोक्रॅटिक पक्षात हॉवर्ड डीन आघाडीवर आणि डिक गेपहार्ट शेजारच्या मिझुरीचे, १९८८ ला आयोवा जिंकलेले. दोघांनी एकमेकांवर जाहिरातींचा असा भडिमार केला की आयोवाची माणसं कंटाळली. आयोवाचे लोक स्वभावाने मवाळ, शेजाऱ्याशी भांडण झालं तरी हाक मारणारे. १९ जानेवारीला जॉन केरी ३८, जॉन एडवर्ड्स ३२, डीन १८, गेपहार्ट ११. भांडणारे दोघेही संपले. गेपहार्टनी दुसऱ्या दिवशी माघार घेतली.

डीनच्या त्या प्रसिद्ध आरोळीबद्दल तू ऐकलं असशील. तिसरे आल्यावर कार्यकर्त्यांना धीर द्यायला त्यांनी भाषण केलं आणि शेवटी एक आरोळी ठोकली. हातातला माइक फक्त जवळचा आवाज पकडणारा होता. सभागृहातला प्रचंड गोंगाट टीव्हीवर आलाच नाही, डीन एकटेच वेड्यासारखे ओरडतायत असं दिसलं. पुढचे चार दिवस ती चित्रफीत चॅनेलांनी शेकडो वेळा दाखवली. आजही लोक म्हणतात, त्या आरोळीने डीन संपले. अरे, ते आरोळीच्या आधीच २० टक्क्यांनी हरले होते! कावळा बसला आणि फांदी मोडली. आरोळीने एवढंच केलं की न्यू हॅम्पशायरमध्ये सावरायला लागणारा आठवडा त्यांच्याकडून काढून घेतला. पण आठवडा म्हणजे प्रायमरीत फार झाला.

माध्यमांचं सर्वांत मोठं काम बदनामी हे नाहीच, असं माझं मत आहे. ते काम आहे 'अपेक्षा' ठरवण्याचं. १९६८ ला न्यू हॅम्पशायरमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांना साधारण ५० टक्के मतं मिळाली, तीही मतपत्रिकेवर नाव नसताना लोकांनी हाताने लिहून. त्यांना पक्षातूनच आव्हान देणाऱ्या युजीन मॅकार्थींना ४२. जिंकले जॉन्सन, पण मथळ्यांत मॅकार्थी. महिना संपायच्या आत जॉन्सननी पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं. १९७२ ला तिथेच एडमंड मस्की ४६ विरुद्ध ३७ ने जिंकले, तरी 'शेजारच्या मेन राज्याचा माणूस, याने पन्नास ओलांडायला हवे होते' म्हणून हरल्यासारखे झाले. १९८४ ला गॅरी हार्ट यांना आयोवात आघाडीच्या वॉल्टर मॉन्डेलच्या जेमतेम एक तृतीयांश मतं होती, पण दुसरे होते आणि तसं कुणाला वाटलं नव्हतं. आठच दिवसांत त्यांनी न्यू हॅम्पशायर मारलं. बिल क्लिंटन यांनी तर १९९२ ला हे काम समालोचकांवर सोडलंच नाही. त्याच न्यू हॅम्पशायरमध्ये ते पॉल साँगस यांच्या मागे दुसरे आले, पण पूर्ण निकाल यायच्या आधी मंचावर जाऊन स्वतःलाच 'कमबॅक किड' म्हणवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तेच छापलं.

मतदार हे का ऐकतो? मूर्ख म्हणून नाही. प्रायमरीतल्या मतदाराला आवडणाऱ्या तिघांपैकी कुणाला नोव्हेंबरमध्ये जिंकता येईल, हा प्रश्न सतावत असतो, आणि त्याचं उत्तर त्याच्या स्वतःच्या अनुभवात नसतं. म्हणून तो रोज हेच बघणाऱ्या माणसाकडे बघतो. आपण शेतात पेरणी कधी करायची ते हवामान खात्याला शिव्या देत देत त्याचाच अंदाज ऐकून ठरवतो ना, तसंच.

आता माझ्या धंद्यातल्या काही आतल्या गोष्टी, ज्या बाहेरून दिसत नाहीत. २००२ च्या कायद्याने उमेदवाराला स्वतःच्या आवाजात 'ही जाहिरात मला मान्य आहे' असं म्हणावं लागतं. शिवी देऊन खाली सही करण्यासारखं ते आहे, त्यामुळे उमेदवार बिचकतो. मग २०१० मध्ये आधी सर्वोच्च न्यायालयाचा सिटिझन्स युनायटेड निकाल आणि पाठोपाठ अपील न्यायालयाचा स्पीचनाऊ निकाल आला, सुपर पॅक जन्माला आले, आणि शिव्या द्यायचं काम बाहेर दिलं गेलं. उमेदवार म्हणतो, माझा त्यांच्याशी संबंध नाही. जाहिरातींबाबत कायद्याने तो ठेवताही येत नाही. पण प्रायमरीच्या मतदानाआधीच्या ४५ दिवसांत उमेदवाराला चॅनेलने सर्वांत स्वस्त दराने वेळ द्यावा लागतो, सुपर पॅकला बाजारभाव. त्यामुळे सुपर पॅकचा डॉलर उमेदवाराच्या डॉलरपेक्षा कमी वेळ विकत घेतो. बातमीत 'अमक्याच्या सुपर पॅककडे इतके कोटी' असं वाचलंस की मनातल्या मनात त्यातले बरेच वजा कर. आणखी एक: उमेदवाराची स्वतःची जाहिरात चॅनेल मजकुरावरून नाकारू किंवा कापू शकत नाही, बाहेरच्या गटाची नाकारू शकतं. म्हणून सुपर पॅकची कडक जाहिरात लागली की दुसऱ्या दिवशी समोरच्याच्या वकिलाचं पत्र स्टेशनात पोचतं. पुष्कळदा ती जाहिरात लावण्याचा हेतूच ते पत्र यावं आणि त्याची बातमी व्हावी हा असतो.

बातमी करवून घेण्यात माझ्या मते सर्वांवर कडी केली रिपब्लिकन उमेदवार माइक हकाबींनी. ३१ डिसेंबर २००७, आयोवाच्या कॉकसला तीन दिवस. त्यांनी पत्रकार परिषद बोलावून सांगितलं की रॉम्नींविरुद्ध एक जाहिरात बनवली होती, पण माझं मन बदललं, मी ती लावणार नाही. आणि मग, आपण खरंच बनवली होती हे दाखवायला, सगळ्या पत्रकारांना ती दाखवली! पत्रकार हसले, टीका झाली, ढोंगी म्हटलं गेलं. जाहिरात मात्र बातम्यांत फुकट फिरली. ते ३४ विरुद्ध २५ ने जिंकले. जाहिरातीमुळे जिंकले असं मी म्हणणार नाही, ते आधीच पुढे होते. पण खर्च शून्य.

चिखल उलटल्याचंही एक उदाहरण पाहा. २००० ची साउथ कॅरोलायना. जॉन मकेन न्यू हॅम्पशायर १८ टक्क्यांनी जिंकून आले होते. साउथ कॅरोलायनात फोनवरून, पत्रकांतून त्यांच्या कुटुंबाबद्दल अत्यंत घाणेरड्या अफवा पसरवल्या गेल्या. बांगलादेशातून दत्तक घेतलेल्या त्यांच्या मुलीलाही सोडलं नाही. हे कुणी केलं ते कधीच सिद्ध झालं नाही. चिडून मकेननी जाहिरात केली की प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश क्लिंटनसारखं सत्य पिळतात. रिपब्लिकन घरात कुणाला क्लिंटन म्हणणं म्हणजे आईवरून शिवी. समोरच्याने काय केलं ते दिसत नव्हतं, यांनी काय केलं ते टीव्हीवर स्वतःच्या आवाजात होतं. मकेननी नकारात्मक जाहिराती थांबवल्या, पण उशीर झाला होता. बुश ५३, मकेन ४२.

पैशाबद्दल तू विचारलंस. २०१६ च्या रिपब्लिकन प्रायमरीत उतरलेल्या जेब बुश यांच्या सुपर पॅकने १० कोटी डॉलरहून जास्त जमवले, त्यातले काही कोटी प्रतिस्पर्धी मार्को रुबियोंवर जाहिराती करण्यात घालवले, आणि जेब २० फेब्रुवारी २०१६ ला घरी गेले. रुबियोंना खरा धक्का दिला तो आणखी एक उमेदवार ख्रिस ख्रिस्टी यांनी, ६ फेब्रुवारीच्या डिबेटमध्ये, फुकटात: हा माणूस पाठ केलेलं २५ सेकंदांचं भाषण म्हणतो. आणि रुबियोंनी त्यावर तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं! चॅनेलांनी ते तुकडे जोडून दोन दिवस वाजवले. आयोवात तिसरे आलेले रुबियो न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले. एवढी प्रभावी नकारात्मक जाहिरात बनवायची तर उमेदवारानेच मदत करावी लागते. तिकडे ट्रम्प यांना मार्च २०१६ पर्यंत सुमारे २०० कोटी डॉलर किमतीची फुकट प्रसिद्धी मिळाल्याचा अंदाज छापून आला होता. बोलणाऱ्याची बोरं खपतात म्हणतात ती अशी. २०११ ला गिंग्रिचना नडलेल्या 'नॅशनल रिव्ह्यू'ने जानेवारी २०१६ मध्ये ट्रम्पविरोधी अख्खा अंक काढला, ढिम्म परिणाम झाला नाही. पंचांची शिट्टी ऐकू येते ती मैदानात शांतता असेल तर.

आपल्या माणसाचं उदाहरण द्यायचं तर श्री ठाणेदार. बेळगावकडचे, मराठी, मिशिगनमधले उद्योजक. २०१८ ला राज्यपालपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत त्यांनी स्वतःच्या खिशातून इतरांच्या कितीतरी आधी टीव्ही जाहिराती सुरू केल्या आणि वसंत ऋतूत काही पोलमध्ये पहिलेही आले. बाकीच्यांची नावं तोवर लोकांना माहीतच नव्हती. मग प्रसारमाध्यमांची उलटतपासणी सुरू झाली, इतरांच्या जाहिराती आल्या, आणि ऑगस्टमध्ये ते तिसरे आले. ग्रेचेन व्हिटमर ५२ टक्के मतं घेऊन जिंकल्या. जाहिरातीचा रंग उडतो, हे आमच्या धंद्यातलं न सांगितलं जाणारं सत्य. २००६ मध्ये टेक्सासात गव्हर्नर रिक पेरींच्या जाहिरातींवर खराखुरा प्रयोग झाला होता. परिणाम चांगला होता, पण आठवडाभरात जवळजवळ विरला.

आणि तेच ठाणेदार २०२२ ला डेट्रॉइटच्या १३ व्या मतदारसंघात प्रायमरी जिंकले. नऊ उमेदवार होते. त्यांच्या मुख्य प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने बाहेरच्या सुपर पॅकने ४० लाखांहून जास्त डॉलर ओतले होते. ठाणेदारांना मतं किती? २८ टक्के. नऊ जणांत २८ पुरतात. इतक्या गर्दीत कुणी कुणावर किती चिखल टाकायचा याचं गणितच बदलतं, कारण उडालेली मतं आठ दिशांना जातात. मी एकदा पाच जणांच्या लढतीत अगदी हेच सांगून एका उमेदवाराला थांबवायचा प्रयत्न केला होता. ऐकलं नाही. तो आणि त्याने ज्याच्यावर जाहिरात केली तो, दोघे चौथे-पाचवे आले. मला बिल मात्र वेळेवर मिळालं.

अजून एक, आणि मग थांबते. न्यूयॉर्क शहरात प्रायमरीत आता पसंतीक्रमाने मत देतात, म्हणजे एकाच मतपत्रिकेवर पहिली, दुसरी, अशी पाचव्यापर्यंत पसंती. तिथे विरोधकाच्या समर्थकाची दुसरी पसंती तुम्हाला हवी असते, त्यामुळे त्याच्या आवडत्या माणसाला शिव्या घालणं महागात पडतं. जून २०२५ मध्ये महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत अँड्र्यू कुओमोंच्या बाजूच्या सुपर पॅकने २ कोटी डॉलरहून जास्त खर्च केला, त्यात जोहरान ममदानींवर जोरदार हल्ले होते. ममदानी आणि ब्रॅड लँडर यांनी त्याच काळात एकमेकांना दुसरी पसंती द्या असं आपापल्या मतदारांना सांगितलं, दोघे जोडीने टीव्हीवर जाऊन बसले. ममदानी शेवटच्या फेरीत ५६ विरुद्ध ४४ ने जिंकले. तुला प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घे: नियम बदलला की चिखलाचा भाव कसा बदलतो. माझ्याकडच्या नोंदी लागल्या तर कळव. उमेदवारांची नावं काढून देईन.